बाबांना कळत नाही, हे ठरवलं कुणी?

या वेळचं पत्र लालबागच्या चाळीत राहणाऱ्या एका मुलीचं आहे. नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. वडील ६८ वर्षांचे, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आठ महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. काठी घेऊन चालतात, उजवा हात अजून उचलत नाही, आणि बोलणं गेलं आहे. तोंडातून येतं ते एवढंच: "तेच ते." भूक लागली तरी तेच ते, राग आला तरी तेच ते. गणपतीत मात्र त्यांनी सगळ्यांच्या बरोबरीने अख्खी आरती म्हटली. आणि जन्मात कधी अपशब्द न काढलेल्या या माणसाने परवा नातवाच्या हातून पाणी सांडल्यावर सणसणीत शिवी हासडली. घरात आता दोन तट पडलेत. वहिनी म्हणते, मनात असलं की बरोबर बोलता येतं, बाकीच्या वेळी मुद्दाम करतात. भाऊ म्हणतो, त्यांना आता काही कळत नाही. चाळीचा पुनर्विकास तोंडावर आलाय, अंगठा घेऊन खोलीचे कागद करून टाकू. स्पीच थेरपी दोन महिन्यांतच बंद पडली. पत्राच्या शेवटी ती विचारते: "माणूस विचार करतो तो शब्दांतच ना? मग शब्दच गेले तर बाबांच्या डोक्यात आता काय चालत असेल? त्यांना काही विचारण्यात अर्थ आहे, की मी उगाच आशा धरून बसले आहे?"

ताई,

तुमच्या पत्रात दूधवाल्याचा किस्सा आहे. तुम्ही तो दोन ओळींत उरकलाय, पण मी तिथेच अडकले. महिनाअखेरीला आईने दुधाची वही उघडली. बाबांनी ती डाव्या हाताने ओढून घेतली, एका जागी बोट आपटलं, तीन बोटं वर केली आणि "तेच ते, तेच ते" करत आवाज चढवला. आईला वाटलं, पुन्हा चिडचिड सुरू झाली. संध्याकाळी दूधवाल्याला विचारल्यावर कळलं की त्या महिन्यात खाडे तीन झाले होते आणि वहीत दोनच मांडले होते.

आता एवढ्याशा गोष्टीसाठी बाबांना काय काय करावं लागलं ते बघा. कोणत्या दिवशी दूध आलं नाही हे लक्षात ठेवायचं. ते दिवस मोजायचे. वहीतला आकडा वाचायचा आणि तो कमी आहे हे ओळखायचं. खाडा कमी लागला म्हणजे पैसे जास्त जाणार, हे जाणायचं. आणि ते आपल्या बायकोला सांगायलाच हवं, असं वाटायचं. यातल्या एकाही पायरीवर त्यांच्याजवळ शब्द नव्हता. तरी हिशेब चोख निघाला. "त्यांच्या डोक्यात काय चालत असेल" याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे.

बाबांना जे झालंय त्याला वाचाघात म्हणतात. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना तो कमीअधिक प्रमाणात होतो, म्हणजे तुमच्या परळ-लालबागमध्येच अशी कितीतरी घरं असतील. बहुतेक माणसांत भाषेचं काम मेंदूच्या डाव्या अर्ध्यात चालतं, कपाळामागचा काही भाग आणि कानामागचा काही भाग मिळून. तिथला रक्तपुरवठा तुटला की शब्द शोधणं, ते ओळीने लावणं, ऐकलेलं वाक्य उलगडणं, वाचणं, लिहिणं, यातलं काही किंवा सगळंच कोलमडतं. म्हणूनच "बोलता येत नाही तर लिहून दाखवा" म्हणत तुम्ही दिलेली पाटी बाबांनी भिरकावली. लिहिण्यालाही तेच शब्द लागतात.

बाबांसारखा एक माणूस वैद्यकाच्या इतिहासात फार प्रसिद्ध आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातला लबोर्न्य. त्याच्या तोंडून "तां" एवढाच आवाज यायचा, म्हणून सगळे त्याला तांच म्हणायचे. १८६१ साली पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने त्याला तपासलं. काही दिवसांतच तो वारला, आणि त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागातली इजा पाहून ब्रोकाने वाचेची जागा दाखवली. तो भाग आजही ब्रोकाच्या नावाने ओळखला जातो. एवढं पाठ्यपुस्तकांत असतं. मला त्याच्या टिपणातली एक वेगळी नोंद महत्त्वाची वाटते. किती वर्षं इथे आहेस, असं विचारल्यावर तांने हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस. उत्तर बरोबर होतं. आणखी एक नोंद तुमच्या आईला मुद्दाम सांगा: फार चिडला की तां चक्क शिवी द्यायचा, तीही स्पष्ट.

आता तुमच्या गृहीतकाकडे येते. माणूस शब्दांतच विचार करतो, असं आपल्याला वाटतं, कारण डोक्यात सतत काहीतरी बडबड चालू असते. पण जिभेवर आलेलं नाव ओठांवर येत नाही तेव्हा काय होतं? समोरून येणारा माणूस शाळेतला, त्याचं घर कुठे, त्याच्या बहिणीचं लग्न कुठे झालं, सगळं आठवतं. नाव तेवढं येत नाही. म्हणजे काय म्हणायचंय ते आधी तयार असतं, शब्द मागून येतो. बाबांच्या बाबतीत हे क्षणभर न होता दिवसभर होतंय, आणि जवळपास प्रत्येक शब्दाच्या बाबतीत होतंय.

याची शास्त्रीय तपासणीही झाली आहे. इंग्लंडमध्ये रोझमेरी व्हार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र वाचाघात असलेल्या तीन पुरुषांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. कोणी कोणाला मारलं, हे त्या तिघांना वाक्यावरून नीट उमगत नव्हतं. पण ५९ मधून १३ वजा करणं आणि १३ मधून ५९ वजा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कळत होतं. कंसातली गणितंही ते सोडवत होते. अमेरिकेत एमआयटीमधल्या एव्हलिना फेडोरेंको यांनी एमआरआय यंत्रात निरोगी माणसांचे मेंदू पाहिले. बोलणं ऐकताना, वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, ते गणित करताना किंवा तर्काचं कोडं सोडवताना जवळजवळ गप्प असतात. २०२४ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 'नेचर'मध्ये हीच बाजू मांडली: भाषा मुख्यतः दुसऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी आहे, विचार तिच्यावाचूनही होतो.

शब्दांवाचून विचाराचं काहीच अडत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. मनातल्या मनात बोलून आपण यादी लक्षात ठेवतो, भांडणाची तयारी करतो, स्वतःला समजावतो. बाबांचा तो आधार सुटलाय. त्यांना एखादी गोष्ट ठरवायला वेळ लागत असेल, मध्येच धागा सुटत असेल, थकवा लवकर येत असेल. हे सगळं शक्य आहे. पण त्यावरून "काही कळत नाही" म्हणणं म्हणजे जिवंत माणसाला घरातून वजा करणं आहे.

वहिनींच्या आरोपाबद्दल मला जरा ठामपणे बोलायचंय, कारण तो खोटा आहे आणि बाबांना तो ऐकू जातोय. आरती येते आणि "पाणी" येत नाही, यात ढोंग काहीही नाही. साठ वर्षं दरसाल घोकलेली आरती जुळवावी लागत नाही. पहिला शब्द दुसऱ्याला ओढून आणतो, चाल आणि टाळ्या त्याला पुढे ढकलतात. एक-दोन-तीन मोजणं, वारांची नावं, शुभंकरोती, "नमस्कार", "अरे देवा", आणि शिव्या, सगळे याच वर्गातले. यात मेंदूच्या उजव्या बाजूचा आणि खोलवरच्या भागांचाही हात असतो, आणि तो भाग बाबांचा शाबूत आहे. "मला पाणी हवंय" हे साधं वाक्य मात्र दर वेळी नव्याने बांधावं लागतं. आरती म्हणणारे बाबा आणि पाणी मागता न येणारे बाबा यांच्यात इच्छाशक्तीचा प्रश्नच येत नाही. आणि शिवीचं म्हणाल तर ती त्यांनी निवडलेलीच नव्हती. दुसरं काहीतरी म्हणायला गेले, आणि वाट मोकळी होती त्या वाटेने ती निसटली. त्यानंतर त्यांचा चेहरा उतरला, असं तुम्हीच लिहिलंय. नातवाला हे सांगा. सात-आठ वर्षांच्या मुलाला "आजोबांच्या तोंडून चुकीचा शब्द निघतो, त्यांना तो नको असतो" एवढं नक्की समजतं. त्याला आजोबांपासून लांब ठेवू नका.

गाण्यावरून एक पद्धतही निघाली आहे. १९७०च्या दशकात बोस्टनमध्ये ती बेतली गेली: छोटी वाक्यं सुरात, डाव्या हाताने ठेका देत म्हणून घ्यायची. त्याने सराव केलेली वाक्यं सुधारतात, मोकळ्या गप्पांत फरक कमी दिसतो. म्हणून "चहा हवा", "पाठ दुखते", "नको, नंतर" अशी रोज लागणारी चार-पाच वाक्यं घेऊन थेरपिस्टकडून ती शिकून घ्या. आरती म्हणता येतेय म्हणजे बोलणं परत येणारच, असा अर्थ मात्र लावू नका.

आता दुसरी बाजू, आणि ती तितक्याच गंभीरपणे घ्या. बाबांना सगळं समजतंय, असंही धरून चालू नका. वाचाघातात बोलण्याबरोबर समजण्यावरही कमीअधिक परिणाम होतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. चेहऱ्यावरचे भाव, आवाजाचा सूर, हातवारे यांवरून माणूस बरंच ताडतो आणि मान डोलावतो. घरच्यांना वाटतं, सगळं कळलं. लांब वाक्य, एकदम दोन प्रश्न, टीव्ही चालू, तिघे एका वेळी बोलताहेत, यात त्यांच्या हाती फक्त सूर लागतो. शिवाय "हो" आणि "नाही" यांची अदलाबदल फार होते. मनात नाही असतं आणि मान होकाराची हलते.

त्यामुळे एकदा मिळालेल्या होकारावर विसंबू नका. "चहा हवा?" ला मान हलली तर जरा वेळाने "चहा नको?" असं विचारून पाहा. दोन्हींना हो आलं तर त्या मानेला सध्या अर्थ नाही. मग दुसरी खूण लावून द्या: अंगठा वर, अंगठा खाली. किंवा दोन पुठ्ठे करा, एकावर हिरवी बरोबरची खूण, दुसऱ्यावर लाल फुली, आणि ते त्यांच्या डाव्या हाताशी ठेवा. डाव्या मेंदूच्या झटक्यात कधी कधी उजवीकडचं दिसणंही जातं, म्हणून वही, ताट, कॅलेंडर डावीकडेच असू द्या.

बोलताना एका वेळी एकच गोष्ट. टीव्ही बंद. मोठ्याने बोलू नका, त्यांचे कान ठीक आहेत. लहान मुलासारखंही बोलू नका. तीस वर्षं गर्दीच्या बसमध्ये माणसं सांभाळलेला हा गृहस्थ आहे. वाक्य बोलून झालं की थांबा. आपल्याला ती शांतता फार लांब वाटते, आणि आपण लगेच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो. त्यांच्यासाठी तो नवा प्रश्न असतो, आधीची सगळी जुळवाजुळव मोडते. मुख्य शब्द ठळक अक्षरात कागदावर लिहा: "दवाखाना. उद्या. सकाळी." बोटाने दाखवत बोला. काय हवंय असं मोघम न विचारता दोन वस्तू समोर धरा. आणि "हे काय आहे, सांगा बघू" हा खेळ आजपासून बंद करा. पाहुण्यांसमोर तर नकोच. कपाला कप म्हणता आलं नाही म्हणून दिवसातून दहादा नापास व्हायला कुणाला आवडेल?

त्याऐवजी त्यांच्या जुन्या कामातलं काहीतरी काढा. तुम्ही लिहिलंय की कपाटात त्यांचा तिकिटांचा पंच अजून आहे. तो हातात द्या. मुंबईचा नकाशा पसरा, तुम्ही एक बसनंबर लिहा, आणि ती कुठून कुठे जायची ते त्यांना बोटाने दाखवू द्या. तुम्ही मुद्दाम एखादा थांबा चुकवा आणि बघा, ते तुम्हाला अडवतात का. सुट्ट्या पैशांचा हिशेब द्या. नातवाला पत्ते घेऊन बसवा. यात त्यांची परीक्षा होत नाही आणि तुम्हाला मात्र त्यांची समज कुठवर शाबूत आहे ते रोज दिसत राहतं. जे दिसेल ते तारीख घालून लिहून ठेवा. ही वही पुढे डॉक्टरांनाही लागेल आणि भावालाही दाखवता येईल.

भाषेचा एक मुद्दा. बाबा घरी मराठी, गावच्या माणसांशी मालवणी आणि बसमध्ये आयुष्यभर हिंदी बोलले. अशा माणसाला वाचाघात झाला की बहुतेक वेळा सगळ्याच भाषांना फटका बसतो, पण कधी कधी एखादी भाषा दुसरीपेक्षा आधी किंवा जास्त सुटते. ती आईची भाषा असेल किंवा रोजच्या कामाची. तेव्हा "मराठीतच बोला, गोंधळ होईल" असा नियम घालू नका. मालवणी आली तर मालवणी, हिंदी आली तर हिंदी. गावाकडच्या आत्याचा फोन आला तर स्पीकरवर ठेवून त्यांना ऐकू द्या.

"आठ महिने झाले, आता काय होणार", असं शेजारी म्हणतात. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, हे खरं. त्यानंतर दार बंद होतं, हे खरं नाही. जर्मनीत वाचाघाताला सहा महिने उलटून गेलेल्या दीडशेहून अधिक रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास अशी कसून थेरपी दिल्यावर त्यांच्या रोजच्या बोलण्यात सुधारणा झाली. आठवड्यातून एकदा अर्धा तास, आणि तोही कुणी न्यायला असेल तर, हा वेगळा हिशेब झाला. तुमची थेरपी बंद पडली ती पैशांमुळे आणि ने-आणीमुळे, बाबांमुळे नाही. म्हणून पुन्हा सुरू करताना घरच्या सरावाचा भार आधीच वाटून घ्या. थेरपिस्टकडून रोजचा गृहपाठ मागून घ्या आणि सकाळी, ते ताजेतवाने असताना, करून घ्या. त्यातला एखादा वार भावाकडे द्या. बाबांना काही कळत नाही, असं त्याला वाटतं कारण तो रविवारी तासभर येतो, घर माणसांनी भरलेलं असतं, आणि त्याच्या वाट्याला फक्त "तेच ते" येतं.

मला त्याला खलनायक करायचं नाही. चाळीचे कागद वेळेत झाले नाहीत तर काय होतं, याची त्याची भीती खरी आहे. पण अंगठ्याची घाई करू नका. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२ मध्ये कसोटी अशी आहे की करार करताना माणसाला तो समजला पाहिजे आणि त्याचा आपल्या हितावर काय परिणाम होईल याचा विचार त्याला करता आला पाहिजे. बोलता आलंच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. म्हणजे बाबांना समजत असेल तर त्यांना वगळता येणार नाही, आणि समजत नसेल तर त्यांच्या अंगठ्याला किंमत नाही. दोन्ही बाजूंनी आधी तपासणी लागणारच. न्यूरॉलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांच्याकडून समज किती आहे याचं लेखी मूल्यांकन घ्या आणि ते घेऊन वकिलाकडे जा. बाबांना कागदाचा अर्थ चित्रं, आकडे, खोलीचा नकाशा वापरून समजावा. एकाच दिवशी उरकू नका. दुसऱ्या दिवशी उलटसुलट विचारून त्यांचं उत्तर तेच येतं का ते बघा. ते "नाही" म्हणाले, तर तेही उत्तरच आहे, भावाला ते आवडो न आवडो.

आणखी दोन गोष्टी. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि ज्याला बोलता येत नाही त्याचं ते कुणाला कळत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहणं, जेवण टाकणं, हे हट्ट म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे. आणि आईकडे लक्ष द्या. त्या दिवसभर बाबांच्या वतीने बोलतात, त्यांची वाक्यं पूर्ण करतात, रात्री देवापुढे रडतात. दुपारी दोन तास तरी दुसऱ्या कुणीतरी बाबांजवळ बसावं आणि आईने खाली उतरून कुणाशी तरी मनमोकळं बोलावं. त्यांच्याशी गप्पा मारणारं माणूसही आठ महिन्यांपूर्वी गेलंय.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये वाचाघातामुळे आलेलं कायमस्वरूपी वाचा-भाषा अपंगत्व धरलेलं आहे, म्हणून प्रमाणपत्राबद्दल रुग्णालयातच विचारा. थेरपीसाठी तुम्हाला जवळ पडेल ते मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय. तिथे वाचा आणि श्रवण उपचाराचा विभाग आहे. दुसरी जागा वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. आधी फोन करून ओपीडीचे वार विचारून घ्या. जाताना डिस्चार्जचे कागद, एमआरआयची फिल्म, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि तुमची ती तारखांची वही बरोबर ठेवा. बाबांना कोणत्या भाषा येत होत्या, वाचायची सवय किती होती, कोणत्या हाताने लिहायचे, हे एका कागदावर लिहून न्या. पहिल्याच भेटीत ते विचारतील. आणि आत गेल्यावर प्रश्न बाबांना विचारले जातील, तेव्हा उत्तर तुम्ही देऊ नका.